प्रस्तावना : न झालेल्या युद्धाच्या तळटिपा

इ.स. १६४० साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या मुलखात युद्ध पेटले, वर्षभर चालले, १६४१ साली तह झाला आणि त्या तहामुळे गोव्याचे वेगळेपण पक्के झाले. ही हकिकत इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७मध्ये आली. सुमारे साडेचार हजार शब्द, नीट पाडलेले पोटमथळे, जागोजागी तळटिपा. दोनच महिन्यांत तिला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. हा दर्जा मागितला आणि मिळाला असा प्रकार नसतो, लेख निकषांना लावून पाहणारा कोणीतरी असतो. डिसेंबर २०१२ संपत येईपर्यंत लेख जागेवर होता. मग एका स्वयंसेवकाने त्यात दिलेली पुस्तके शोधायला घेतली. ज्या ग्रंथाचा सर्वांत जास्त हवाला होता, तो ग्रंथच अस्तित्वात नव्हता. युद्धही झालेले नव्हते. लेख काढून टाकण्यात आला.

मराठी वाचकाला यात हसू येण्यासारखे बरेच आहे. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत, बंगळूरकडे. मराठा साम्राज्य नावाची गोष्ट अजून व्हायची होती. डिचोलीचा मुलूख आदिलशाहीत मोडत होता, पोर्तुगीजांच्या हाती तो कायमचा लागला थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि खुद्द पोर्तुगीज त्या काळात डचांनी जेरीस आणलेले होते: गोव्याच्या तोंडाशी डच जहाजे ठाण मांडून, आणि जानेवारी १६४१मध्ये मलाक्का हातचे गेलेले. शाळेतला इतिहास बऱ्यापैकी लक्षात असलेल्या माणसालाही यातले दोन-तीन प्रश्न सुचले असते. पाच वर्षांत तसा कोणी त्या पानाकडे फिरकला नसेल, किंवा फिरकला असेल आणि तळटिपांचा थाट पाहून त्याला स्वतःच्याच माहितीची शंका आली असेल. मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

हे पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे. इंटरनेटवर, त्यातही खुल्या ज्ञानकोशात, मराठीतून नोंदी कशा लिहाव्यात हे ते शिकवते, आणि असे लेखन केल्याने चिकित्सक विचाराची सवय लागते असा त्याच्या लेखकांचा दावा आहे. मला तो मान्य आहे. नसता तर प्रस्तावना लिहायला बसले नसते. पण डिचोलीच्या लेखाचा कर्ताही इंटरनेटवरच लिहीत होता आणि लेखनाचे सगळे तंत्र त्याला येत होते. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा मजकूरही कोणीतरी लिहिलेलाच असतो. तेव्हा ‘इंटरनेटवर लिहिल्याने विचारशक्ती वाढते’ एवढ्यावर भागत नाही. लेखनातली नेमकी कोणती गोष्ट माणसाला थांबून विचार करायला लावते, ते आधी पाहायला हवे.

आपल्याकडे लेखन शिकवले जाते ते परीक्षकासाठी. दहा-बारा वर्षे आपण ज्या वाचकाला उद्देशून लिहितो तो एकच असतो, त्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि तो घाईत असतो. त्याला काही पटवून द्यायचे नसते. अपेक्षित मुद्दे सापडले की तो पुढच्या पेपराकडे वळतो. ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’ या निबंधात लावलेल्या झाडांतली जगतात किती, अशी शंका काढणारी मुलगी गुण घालवते. गाईडमधला परिच्छेद शब्दशः उतरवणारी मिळवते. ‘एका थोर विचारवंताने म्हटले आहे’ असे लिहिले की चालते. कोणत्या विचारवंताने, कुठे, कधी, हे कोणी विचारत नाही. वाक्य आले कुठून, हा प्रश्न या लेखनात उद्भवतच नाही, आणि जो प्रश्न बारा वर्षे उद्भवला नाही तो पदवीच्या पहिल्या वर्षाला अचानक सुचेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

खुल्या ज्ञानकोशाचा वाचक याच्या अगदी उलट. तो अनोळखी असतो, त्याला विषय माहीत नसतो म्हणूनच तो आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला लेखनात हात घालता येतो. ही शेवटची सोय वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९५ साली आपल्या संकेतस्थळावर प्रथम केली: कोणीही पान उघडावे, बदलावे, जतन करावे. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा न्यूपीडिया हा तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला ज्ञानकोश रेंगाळत होता. त्यांनी कनिंगहॅमची पद्धत उचलली आणि १५ जानेवारी २००१ला विकिपीडिया सुरू झाला. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. लिहिणाऱ्याला तिथे मुख्यतः तीन नियम पाळावे लागतात. दृष्टिकोन तटस्थ हवा, विधान पडताळता येण्याजोगे हवे, आणि स्वतःचे नवे संशोधन तिथे मांडायचे नाही. प्रत्येक पानामागे एक चर्चापान असते आणि एक इतिहास असतो. त्या इतिहासात कोणी, कधी, कोणता स्वल्पविराम हलवला तेही राहते. सरावासाठी धूळपाटी, सामायिक वादासाठी चावडी. आणि ज्या विधानाला आधार नाही त्याच्यापुढे कोणीही येऊन ‘संदर्भ हवा’ असे लिहून जाऊ शकतो.

त्या दोन शब्दांनी काय होते ते एका उदाहरणाने सांगते. आपल्या गावावर नोंद लिहा म्हटले की विद्यार्थी लवकरच देवळाकडे वळतात, आणि एक वाक्य हमखास येते: ‘गावात पांडवांनी एका रात्रीत बांधलेले प्राचीन हेमाडपंती मंदिर आहे.’ हे वाक्य मी इतक्या गावांच्या बाबतीत वाचले आहे की वनवासात पांडवांना दुसरा उद्योगच नसावा असे वाटू लागते. वर्गात ते खपून जाते. नोंदीत त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ लागतो, आणि मग वाक्य उकलायची वेळ येते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पांडव आणि हेमाडपंत यांनी मिळून देऊळ बांधले असण्याचा संभव नाही. म्हणजे एकाच वाक्यात दोन परंपरा एकमेकींची विचारपूस न करता शेजारी बसल्या आहेत, आणि लिहिणाऱ्याने त्या दोन्ही लहानपणापासून एका दमात ऐकल्यामुळे त्याला कधी खटकले नाही.

मग तो ‘हेमाडपंती’च्या मागे लागतो. कळते की चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेल्या बांधकामाला लोक सरसकट हे नाव देतात, आणि असे नाव पडलेली कित्येक देवळे हेमाद्रीच्या जन्माआधीची आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. ते शिलाहारांच्या काळातले. हेमाद्री मंत्री व्हायला तेव्हा दोनशे वर्षे अवकाश होता. आता त्या एका वाक्याची तीन वाक्ये होतात. देऊळ अमुक पद्धतीने बांधलेले आहे, हे पाहून सांगता येते. ते पांडवांनी बांधल्याची आख्यायिका गावात आहे, हेही खरेच आहे, कारण आख्यायिका आहेच. आणि ते नेमके कधीचे, याला अमुक ठिकाणी लेखी आधार आहे, किंवा नाही. पहिली दोन वाक्ये विद्यार्थी चटकन लिहितात. तिसऱ्यापाशी हात अडतो. मी ज्याला चिकित्सक विचार म्हणते तो त्या अडलेल्या हातात असतो: मला हे दिसते आहे, मी हे ऐकले आहे, आणि मला हे ठाऊक आहे, या तिन्हींतला फरक तिथे प्रथम बोटांना कळतो.

पुढची पायरी गॅझेटिअरची, म्हणजे सरकारी जिल्हा-माहितीग्रंथाची. अंबरनाथ ज्यात येते त्या ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर १८८२चे, जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेले, आणि त्यात देवळांची लांबी-रुंदी, लेख, जत्रा सगळे सापडते. विद्यार्थ्याला वाटते, मिळाला संदर्भ, संपले काम. पण याच गॅझेटिअरमालेत जातींची वर्णने करताना ‘कष्टाळू’, ‘काटकसरी’, ‘आळशी’ अशी विशेषणे माहिती म्हणून दिलेली आहेत. देवळांची मापे घेताना भरवशाचे असलेले पुस्तक माणसांची मापे काढताना तसे राहत नाही. संदर्भ मिळाला की विचार थांबतो अशी एक समजूत असते. चांगल्या विद्यार्थ्याचा तो तिथून सुरू होतो. हे कोणी लिहिले, त्याला कोणी सांगितले, सांगणाऱ्याचा त्यात काय संबंध होता, त्याला स्वतः पाहता येण्यासारखे किती होते? डिचोलीच्या लेखाला तपासणाऱ्यांनी संदर्भ आहेत की नाहीत हे पाहिले. ते उघडून पाहिले नाहीत.

काही गोष्टी लहान असतात पण डोके ताळ्यावर आणतात. ‘सध्या’ हा शब्द घ्या. ‘सध्या गावाची लोकसंख्या चार हजार आहे.’ हे वाक्य आठ वर्षांनी वाचणाऱ्याची सध्या वेगळी असेल. ‘२०११च्या जनगणनेनुसार’ असे लिहिले की वाक्याला वय येते, आणि लिहिणाऱ्यालाही जाणवते की आपण आज म्हणून जे सांगत होतो ते जुने आहे. विशेषणांचेही तसेच. ‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’, ‘अजरामर’ ही विशेषणे काढून टाकल्यावर परिच्छेदात काय उरते ते पाहण्याचा एक सराव या पुस्तकात दिला आहे. कित्येकदा नावाखेरीज काही उरत नाही. मग त्या माणसाने केले काय, हे शोधावे लागते. आपल्या चरित्रपर लेखनाच्या परंपरेला हा सराव थोडा औषधासारखा लागेल, पण घ्यावा.

यातले काहीच आपल्याला परके नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफची जी झाडाझडती घेतली ती याच प्रश्नांची: अस्सल कागद कुठे आहे, तो कोणी लिहिला, प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिला. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे तर या विचाराचे घरचे उदाहरण आहे. बखरींच्या आधाराने शके १५४९ची, म्हणजे इ.स. १६२७ची तिथी रूढ होती. मग जेधे शकावली ही वर्षवार नोंदींची यादी उजेडात आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद होती. ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने ती मानायला या शतकाचा आरंभ उजाडावा लागला, आणि आजही काही जण तिथीने व काही तारखेने जयंती साजरी करतात. नोंद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने यात काय करावे? दोन्ही बाजूंना सारखे वजन देणे म्हणजे तटस्थता असे अनेकांना वाटते. तसे नाही. शकावलीचा पुरावा का वरचढ ठरला हे सांगायचे, जुनी तिथी कुठून आली तेही सांगायचे, आणि स्वतःच्या घरी कोणती जयंती होते ते नोंदीबाहेर ठेवायचे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड.

केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोश यांच्याशी खुल्या ज्ञानकोशाची तुलना करण्याची आपल्याकडे हौस आहे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. आज तो इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. त्यातल्या नोंदीवर आपण विश्वास ठेवतो तो बराचसा तिच्याखालच्या नावावर आणि संपादक मंडळावर. तो विश्वास रास्त आहे. खुल्या ज्ञानकोशातल्या लेखकाला मात्र नावाची पुण्याई नसते. प्राध्यापक असा की बारावीतली मुलगी, वाक्याच्या शेवटी आधार हवा. विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांत अचूकतेच्या दृष्टीने कोण श्रेष्ठ हे पाहण्यासाठी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात दर नोंदीमागे सरासरी चारच्या आसपास आणि ब्रिटानिकात तीनच्या आसपास चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ती पद्धतच मान्य केली नाही. या पुस्तकाच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. आपल्याला नोंदीचे काय होते यापेक्षा ती लिहिणाऱ्याचे काय होते यात रस आहे.

इथे कोणी विचारेल, नुसते वाचून हे साधणार नाही का? चिकित्सक वाचन शिकवा, लेखनाचा व्याप कशाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ साली मांडलेला अभ्यास याला अर्धे उत्तर देतो. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत का ते ठरवायला सांगितले. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले: बोधचिन्ह चांगले आहे, भाषा अभ्यासू आहे, खाली संदर्भ आहेत. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांत त्या पानावरून उठले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहू लागले. कमी वाचून ते अधिक लवकर आणि अधिक बरोबर निष्कर्षाला आले. इतिहासकारांची विद्वत्ता कमी नव्हती, सवय वेगळी होती. आता माझा अनुभव असा की पानावरून उठण्याची ही सवय व्याख्यानाने लागत नाही. वाचताना शंका आली तरी आपण पुढे जातो, कारण आपले काही अडत नाही. लिहिताना अडते. वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून उठून दुसरीकडे पाहावे लागते. ज्याने स्वतः दहा वाक्यांसाठी आधार शोधला आहे त्याला दुसऱ्याच्या तळटिपेतला पोकळपणा लवकर दिसतो. सुगरणीला जेवताना मीठ कुठे कमी पडले ते कळते, तसे हे आहे.

पण हे होईलच असे नाही, आणि न होण्याचे ठळक उदाहरण पुण्यातले आहे. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने शहरातल्या काही महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा मोठा प्रयोग केला. हेतू चांगला, विद्यार्थ्यांची संख्या मोठी. थोड्याच दिवसांत लक्षात आले की बराच मजकूर पुस्तकांतून आणि इतर संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला आहे. जगभरचे स्वयंसेवक तो शोधून काढता काढता मेटाकुटीला आले आणि वर्ष संपण्याआधीच प्रयोग आवरता घ्यावा लागला. त्या वेळी विद्यार्थ्यांना पुष्कळ बोल लावले गेले. मला ते पटत नाही. ज्या मुलांना बारा वर्षे ‘पुस्तकात आहे तसेच लिही’ असे सांगितले, त्यांनी पुस्तकात आहे तसेच लिहिले. पुन्हा इंग्रजीतून लिहायचे, म्हणजे स्वतःच्या शब्दांत सांगायला शब्दच अपुरे. त्यातून अंतर्गत गुण लेखनावर अवलंबून, मार्गदर्शकांपैकी अनेकांना विकिपीडियाचा सराव नाही. प्रताधिकाराचा भंग ही कायद्याची बाजू झाली. विचाराच्या बाजूने पाहिले तर उचललेला परिच्छेद म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांचे गाठोडे. तो ज्याने लिहिला त्याने कदाचित विचार केला असेल. ज्याने चिकटवला त्याने खचित केलेला नाही. हे पुस्तक मराठीत आहे आणि मराठीतच लिहायला सांगते, त्यामागे पुण्याचा तो धडा आहे असे मी समजते.

आता एक आक्षेप, जो मला खोडता येत नाही. ‘पडताळता येण्याजोगे’ या अटीत छापील कागदाचा पक्षपात आहे. ज्यांचे ज्ञान छापलेच गेले नाही त्यांचे काय? आदिवासी पाड्यावरची औषधी झाडांची माहिती, कोळणींना असलेले वाऱ्या-पाण्याचे भान, जात्यावर दळणाऱ्या बायांनी घातलेल्या ओव्या, यांना कोणत्या गॅझेटिअरचा पान क्रमांक द्यायचा? हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून आपल्या सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या टिपल्या आणि गाणारणीचे नाव, गाव यांसह नोंदवल्या. तो संग्रह आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. जे काल ‘आमची आजी म्हणायची’ एवढेच होते ते या श्रमांनी संदर्भ म्हणून उभे राहिले. पण अशी माणसे प्रत्येक विषयाला मिळत नाहीत. तोवर विद्यार्थिनीने काय करावे, आजीचे खोटे म्हणावे? मुळीच नाही. ज्ञानकोशाची नोंद ही ज्ञानाची एकमेव जागा नाही, इतके तिला सांगावे, आणि आजीचे बोलणे तारीख, गाव, परवानगी यांसह ध्वनिमुद्रित करून कुठल्या तरी संग्रहात ठेवायला लावावे. नियम कुणाला बाहेर ठेवतो हे पाहणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. पुस्तकात या विषयाला दीड पान मिळाले आहे. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण मिळावे.

संदर्भ असला तरी तो कधी कधी वर्तुळात फिरतो, हेही विद्यार्थ्यांना माहीत हवे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असेही म्हणतात, अशी भर घातली. आर्डवार्क आफ्रिकेतला, दोघांचा काही संबंध नाही. काही वर्षांत ते नाव ब्रिटिश वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत आले, आणि मग त्यांतल्याच एका वर्तमानपत्राचा संदर्भ विकिपीडियातल्या मूळ वाक्याला जोडला गेला. २०१४ साली ‘न्यूयॉर्कर’ने ही हकिकत छापली. मराठीत तर हे वर्तुळ फारच लहान आहे. एका नोंदीतले वाक्य दिवाळी अंकात जाते, तिथून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, आणि वर्षभरात तेच पुस्तक नोंदीखाली संदर्भ म्हणून येते. म्हणून संदर्भाची तारीख पाहायची: तो आपल्या वाक्याच्या आधीचा आहे की नंतरचा? इतिहासाचे पान उघडले की हे मिनिटात कळते, आणि छापील पुस्तकाला अशी सोय नाही.

डिचोलीचे युद्ध रचायला त्या माणसाला निदान काही दिवस खपावे लागले असेल. आता ते काम यंत्र काही सेकंदांत करते. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले, आणि २०२३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले न्यायनिवाडे यंत्राने कल्पून दिलेले होते: पक्षकारांची नावे आहेत, क्रमांक आहेत, अवतरणे आहेत, निवाडेच नाहीत. विद्यार्थ्यांनी यंत्र वापरू नये असा नियम करणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण तो पाळला जाईल यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा यंत्राने लिहिलेली आपल्याच तालुक्याची नोंद वर्गात आणावी आणि तिचे एकेक विधान जमिनीवर उतरवून पाहावे. यंत्राची भाषा गुळगुळीत असते. परीक्षकासाठी लिहिलेल्या निबंधाशी तिचे इतके जुळते की दोन्हींना एकच औषध लागू पडते.

शिक्षक एक व्यावहारिक प्रश्न विचारणारच: गुण कसे द्यायचे? विकिपीडियाच्या इतिहासपानावर प्रत्येक बदलापुढे किती बाइटची भर पडली हा आकडा दिसतो, आणि तो पाहून गुण देण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, कारण बाइट मोजले की विद्यार्थी बाइट देतात. माझी सूचना अशी की जे काढले त्याला गुण द्यावेत. कोणते वाक्य काढले, का काढले, ते चर्चापानावर दोन ओळींत सांगता आले का, आणि कोणी हरकत घेतली तेव्हा उत्तर दिले की गप्प राहिले, हे पाहावे. हरकत योग्य निघाली आणि विद्यार्थ्याने वाक्य मागे घेतले तर गुण कमी होऊ नयेत, वाढावेत. पुस्तकाच्या शेवटी दिलेला मूल्यमापनाचा तक्ता जवळपास असाच आहे, फक्त त्यात शब्दसंख्येचा एक रकाना राहून गेला आहे. शिक्षकांनी तो खुशाल रिकामा सोडावा.

या कामाला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून एका सत्रात एका विद्यार्थ्याने एकच नोंद लिहावी, तीही लहान. वर्गात संगणक नसतील तर पहिली चार प्रकरणे फळ्यावर होतात: कोणीतरी आपल्या गावाविषयी एक वाक्य सांगायचे, ते फळ्यावर लिहायचे, आणि त्यातला कोणता शब्द पाहिलेला, कोणता ऐकलेला, कोणता वाचलेला, ते बाकीच्यांनी त्याला विचारत जायचे. ग्रंथपालांना आधी कल्पना देऊन ठेवावी, कारण दुसऱ्या तासापासून जिल्हा गॅझेटिअरला मागणी वाढते आणि बहुतेक ठिकाणी त्याची एकच प्रत असते.